वय किती, ते आधी विचारा

गांज्यावर वाद रंगला की दोन पक्ष हमखास मैदानात उतरतात. एक म्हणतो, झाडपाला आहे, महादेवाचा प्रसाद आहे, त्यानं काही होत नाही. दुसरा म्हणतो, एक झुरका मारला की पोरगं कामातून गेलं. दोघंही छातीठोक बोलतात. ओढणाऱ्याचं वय किती, हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं नसतं.

ते आधी विचारा.

चाळिशीतला माणूस धुळवडीला ग्लासभर भांग पितो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर जातो. पंधरा वर्षांचं पोरगं क्लासच्या जिन्याखाली रोज सिगारेटमधली तंबाखू काढून त्यात माल भरतं. या दोघांच्या डोक्यात जे होणार ते एकच असेल, असं कुणाला खरंच वाटतं? मग चर्चा दोघांना एकत्र कोंबून कशाला करता?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा माग संशोधक आजही काढताहेत. त्यांनी २००२ साली सांगितलं ते असं: पंधराव्या वर्षापर्यंत गांज्याला हात लावलेल्यांपैकी दहांत एकाला सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाच्या जातीचा आजार दिसला. न ओढणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात तीन होतं. ज्या मुलांना अकराव्या वर्षीच चित्रविचित्र भास होत होते ती हिशेबात धरली तर फरक कमी होतो, हेही त्याच मंडळींनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. म्हणजे ज्याचं मन मुळात हळवं, त्यालाच हा सौदा सगळ्यात महाग पडतो.

आणि ज्याचं मन हळवं, तोच आधार शोधत त्या जिन्याखाली जातो.

स्वीडननं १९६९-७० साली सैन्यात भरती झालेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांना गांज्याबद्दल विचारलं होतं. पुढं १५ वर्षांनी त्यांची रुग्णालयांतली नोंद तपासली. पन्नासहून अधिक वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया सहापट. १९८७ साली हा निबंध छापून आला आणि लगेच शंका निघाली: आधीच बिघडत चाललेली मुलंच गांज्याकडे वळत असतील तर? शंका रास्त होती. पुढं ती लक्षात घेऊन पुन्हा आकडेमोड झाली. सहापट निम्म्यावर आलं. शून्यावर आलं नाही.

आता तिप्पट, सहापट हे शब्द ऐकून घाबरायचं किती?

साधा हिशेब करू. स्किझोफ्रेनिया आयुष्यात होण्याची शक्यता ढोबळमानानं शंभरात एक धरतात. ती तिप्पट झाली तर शंभरात तीन. उरलेल्या ९७ जणांना हा आजार होणार नाही. म्हणून तर प्रत्येक कट्ट्यावर एक अनुभवी भेटतोच, जो म्हणतो, मी दहा वर्षं ओढतोय, मला काय झालं? त्याला काही झालं नाही, हे खरं आहे. ज्याला झालं, तो कट्ट्यावर येत नाही.

तो घरात असतो. खिडकीचे पडदे ओढून. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून. बातम्या देणारी बाई आपल्याकडं रोखून बघते म्हणून टीव्ही बंद करायला लावतो. ताटातला वरणभात आईनं आधी खाल्ल्याशिवाय तो घास घेत नाही. आई खाते. तिला वाटतं, अभ्यासाचं टेन्शन असेल.

टेन्शन!

या एका शब्दाखाली महाराष्ट्रातल्या किती घरांनी सहा-सहा महिने घालवले असतील? पोरगा दिवसभर झोपतो, रात्रभर जागतो, मित्र तुटले, आंघोळ सुटली, मार्क घसरले. कारण काय? टेन्शन. दप्तरात रोलिंग पेपर सापडले, डोळ्यांत घालायचे थेंब सापडले, व्हिजिटिंग कार्डाचे कोपरे फाडून केलेल्या सुरनळ्या सापडल्या, तेव्हा कारण बदललं. आता कारण काय? वाईट संगत. डॉक्टर मात्र अजून यादीत आलेला नाही.

त्याआधी कोण कोण येतं बघा. आधी मामा येतो, समजावून जातो. मग गावचा देव. मग कुणीतरी सांगितलेला बाबा, जो लिंबू उतरवतो आणि करणी झाल्याचं ठामपणे सांगतो. मग बापाचा हात उठतो. एवढं सगळं होईपर्यंत मुलाला आवाज ऐकू येऊन तिसरा महिना लागलेला असतो. या आजारात उपचाराला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड, हे मानसोपचाराचं पहिलं पान आहे. ते पान आपल्याकडं सगळ्यात शेवटी उघडतात.

आणि समजा, चार दिवस रुग्णालयात ठेवलं, गोळ्या दिल्या, भास उतरले. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. गांज्यानं झालं होतं, गांजा सुटला, विषय संपला!

संपतो का?

डेन्मार्कमध्ये सरकारी नोंदी पक्क्या असतात. तिथं नशेमुळं भ्रम झालेल्या रुग्णांचा पुढं अनेक वर्षं माग घेतला, त्याचा निष्कर्ष २०१८ साली आला. गांज्यानं भ्रमिष्ट होऊन दाखल झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढं स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार झाला. इतर कुठल्याही नशेपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. आपल्याकडं चौथ्या दिवशी डिस्चार्ज घेतला की पुढच्या महिन्याची तपासणी बुडते. सुट्टी मिळत नाही म्हणून, गाडीभाडं परवडत नाही म्हणून, शेजारी बघतील म्हणून.

आता माल कुठला, हा प्रश्न. आजोबांच्या काळी साधू चिलीम ओढायचेच की, असं म्हणणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालात नशा आणणारा घटक, टीएचसी, १९९५ साली सरासरी चार टक्के होता. २०१४ साली बारा टक्के. झाड तेच, ताकद तिप्पट. थायलंडनं २०२२ साली गांजा खुला केला आणि त्यानंतर बँकॉकहून उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक गांजा मुंबई विमानतळावर पुन:पुन्हा पकडला गेला. बंद खोलीत, दिव्यांखाली, ताकद वाढवण्यासाठीच वाढवलेला. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातून पोत्यांनी येणारा गांजा वेगळा आणि हा वेगळा. आजोबांच्या साधूला हा दिला असता तर त्यालाही झेपला नसता.

ताकदीनं फरक पडतो का? पडतो. युरोपातली दहा आणि ब्राझीलमधलं एक अशा अकरा ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज ओढणाऱ्यांत भ्रमिष्टपणाचा धोका तिप्पट. रोज, आणि तोही दहा टक्क्यांवर टीएचसी असलेला माल ओढणाऱ्यांत जवळपास पाचपट. किती वेळा आणि कुठला, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय जो कुणी गांज्यावर मत देतो, त्याचं मत कानाआड करा.

मेंदूचं म्हणाल तर गोष्ट गुंतागुंतीची आहे, पण न समजण्यासारखी नाही. गांज्याशी मिळतीजुळती रसायनं मेंदू स्वतःच बनवतो. किशोरवयात मेंदूतल्या जोडण्यांची छाटणी सुरू असते, नको त्या काढायच्या, हव्या त्या पक्क्या करायच्या. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं आणि त्यात याच रसायनांचा हात असतो. नेमक्या त्या वर्षांत बाहेरून टीएचसीचा रोज मारा झाला तर छाटणी नीट कशी होणार? अकरावीतल्या मुलाला हे पाच मिनिटांत समजतं. सांगायला कुणी जात नाही.

जातात ते २६ जूनला. अमली पदार्थविरोधी दिन. प्रभातफेरी, कवटीचं चित्र, सामूहिक शपथ, वर्तमानपत्रासाठी फोटो. व्यासपीठावरून सांगतात, गांजा म्हणजे मृत्यू. समोर बसलेल्या मुलांपैकी चौघांनी आदल्या शनिवारी ओढलेला असतो आणि ते जिवंत बसलेले असतात. त्या एका वाक्यानं वक्त्याचं पुढचं सगळं बोलणं वाया जातं. खरं तेवढंच सांगितलं असतं तर ते ऐकलं असतं की!

खरं म्हणजे काय, तर सवय लागते. 'वीडची सवय लागत नाही' हे कॉलेजातलं सगळ्यात जुनं असत्य. ओढणाऱ्या साधारण दहा-अकरांपैकी एकाला लागते, विशीच्या आत सुरू केलेल्यांत सहांपैकी एकाला. सोडल्यावर चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं, भलतीच स्वप्नं पडणं हे सगळं होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात २०१३ पासून त्याची रीतसर नोंद आहे. शिवाय आपल्याकडं गांजा बहुतेक वेळा तंबाखूत मिसळून ओढतात. म्हणजे एकाच झुरक्यात दोन सवयी.

झोपेची गोष्ट तर सगळ्यात वाईट. झोप येत नाही म्हणून ओढतो. चार महिन्यांनी सोडून बघतो, तर दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. लगेच निष्कर्ष: बघा, ओढल्याशिवाय मला झोपच येत नाही! जी निद्रानाशाची रात्र सोडल्यामुळं आली, ती ओढण्याचं कारण होऊन बसते. दोन आठवडे कळ काढली तर हा त्रास बहुतेकांचा ओसरतो. ते दोन आठवडे सोबत बसायला कोण आहे?

चिंता, उदासी यांचंही तेच. ओढल्यावर तासभर मन हलकं होतं, हे कुणी नाकारत नाही. पण २०१९ सालीच आधीच्या अकरा अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. किशोरवयात गांजा ओढलेल्यांत तरुणपणी नैराश्याचं प्रमाण थोडं जास्त निघालं. आत्महत्येच्या प्रयत्नांचं तिपटीहून जास्त. उदास पोरगा औषध म्हणून ज्याला जवळ करतो, त्याचा हा हिशेब त्याला कुणी दाखवला?

उलट बाजारानं भलतंच दाखवलं. इंटरनेटवर 'विजया' नावानं गांज्याची तेलं मिळतात. चिंतेसाठी, झोपेसाठी, एकाग्रतेसाठी. बाटलीवर पान छापलेलं, खाली आयुर्वेदाची परंपरा. गांज्यातल्या सीबीडी या घटकापासून बनवलेलं एक औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं, ते लहान मुलांना होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी. झटक्यांसाठी! त्या एका मंजुरीच्या सावलीत अख्खं दुकान थाटलं गेलंय. परीक्षेची भीती वाटणाऱ्या पोरीला हे तेल विकणाऱ्याची मला चीड येते.

भांगेला मात्र आपण नशेत धरतच नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदाही चरस आणि गांजा धरतो, नुसती पानं सोडतो. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात वर्षभरात गांजावर्गातलं काहीतरी घेतलेले ३ कोटी १० लाख लोक निघाले, त्यातले २ कोटी २० लाख भांगवाले. आणि मदतीची गरज असलेले ७२ लाख. भांग पोटातून चढते, तिला तास-दीड तास लागतो. पहिल्या ग्लासानं काही झालं नाही म्हणून पोरं दुसरा घेतात. मग दोन्ही एकदम चढतात आणि धुळवडीच्या संध्याकाळी कॅज्युअल्टीत एक पोरगा 'मी मरतोय' म्हणून ओरडत असतो. मोठ्या माणसांनीच दिलेला असतो तो ग्लास. हौसेनं.

याची चर्चा कधी झाली? २०२० च्या पावसाळ्यात वाहिन्यांनी नटनट्यांची व्हॉट्सॲप चॅट महिनोन्महिने वाचून दाखवली. 'माल है क्या' हे शाळकरी पोरांना पाठ झालं. त्या सगळ्या गदारोळात एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला पाच मिनिटं सलग बोलू दिल्याचं कुणाला आठवतंय?

इंग्रजांनी हा विषय आपल्यापेक्षा नीट हाताळला होता, हे लिहिताना राग येतो. १८९३-९४ साली त्यांनी भांग-गांज्याच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्यानं हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उघडली. निघालं काय? वेडाचं कारण या रकान्यात 'गांजा' हा शब्द अनेकदा पोलिसांनी आणून दिलेल्या कागदावरून उतरवलेला. रुग्णाचं आधीचं काहीच ठाऊक नाही, तर लिहा गांजा. आयोगानं एकेक प्रकरण पुन्हा तपासलं तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी गळाल्या. पण त्याच आयोगानं हेही लिहिलं की अतिसेवन घातक आहे, आणि ज्याच्या मनाची घडण मुळात कच्ची किंवा घराण्यातच आजार, त्याला ते वेडापर्यंत नेऊ शकतं.

घराण्यातच आजार. सव्वाशे वर्षांपूर्वी हे लिहून झालं. आणि याच जागी आपली घरं तोंडाला कुलूप लावतात.

आई-वडील किंवा सख्खं भावंड स्किझोफ्रेनियानं आजारी असेल तर गांजा न ओढताही शक्यता शंभरात दहाच्या आसपास जाते. अशा मुलासाठी तो झुरका म्हणजे दुसऱ्याच्या झुरक्याएवढा स्वस्त सौदा राहत नाही. त्याला हे माहीत असायला हवं की नको? पण त्याला सांगितलेलं असतं, काका साधू झाले. आत्या माहेरी राहते कारण तिचं सासरी पटलं नाही. आजी शेवटी शेवटी 'जरा तशी' होती. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांपैकी एकात घरातलं माणूस वर्षभर होतं, हे नातवाला विशीपर्यंत कळत नाही. २००४ साली स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची गोष्ट सांगणारा 'देवराई' हा सिनेमा आला, घराघरात बघितला गेला, डोळे पुसले गेले. आपल्या घरातल्या शेषबद्दल बोलायला किती जणांनी तोंड उघडलं?

मुलींची लग्नं अडतील म्हणून! हे कारण. बहिणींची लग्नं निघावीत म्हणून भावाला त्याच्याच रक्तातला धोका सांगायचा नाही.

दुसरं कुलूप पोलिसांच्या भीतीचं. गांजा ओढला तर कायद्याच्या २७व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आई हे ऐकते आणि डॉक्टरकडं नेण्याआधी दहादा विचार करते. डॉक्टरनं कळवलं तर? त्याच कायद्यात ६४ अ कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर सेवनाबद्दल किंवा जवळच्या अल्प मालाबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अशी तरतूद आहे. फक्त उपचार अर्ध्यात सोडायचे नाहीत. २७वं कलम पोलीस प्रत्येक पत्रकार परिषदेत सांगतात. ६४ अ कुठल्या चौकीच्या भिंतीवर लावलेलं बघितलंय?

आणि हिंमत करून घेऊन गेलं तर? व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, याला भास होताहेत, आधी मानसोपचार करा. मानसोपचार विभाग म्हणतो, हा अजून ओढतोय, आधी व्यसन सोडवा. दोन खिडक्यांमध्ये बाप फाईल घेऊन फिरतो. देशात लाख लोकांमागं एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, त्यात जे आहेत ते शहरांत. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, लाटेत, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच, अनिता आणि अनिल अवचट यांच्या पुढाकारानं. व्यसन आणि मन एकाच आवारात. चाळीस वर्षं होत आली. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हे दोन्ही एकाच टेबलावर का बसत नाहीत? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. किती बारावीच्या वर्गांच्या फळ्यावर तो लिहिलेला आहे?

हे सगळं हुकलं की शेवटचा रामबाण निघतो. लग्न करा, सुधारेल.

कोण सुधारेल? कसा? ज्याला गर्दीचा त्रास होतो, झोप मोडली की आवाज सुरू होतात, त्याच्यासमोर वाजंत्री लावायची आणि चार रात्री जागवायचं? बायोडेटात रास, नाडी, रक्तगट, चष्म्याचा नंबर, सगळं असतं. रोज रात्री घ्यायच्या दोन गोळ्या नसतात. त्या देवघराच्या वरच्या फडताळात, स्टीलच्या डब्यात. नव्या सुनेला दिसू नयेत म्हणून हळदीच्या दिवसापासून त्या बंदच करतात. आता सुटलंय ना त्याचं सगळं, मग गोळ्या कशाला? शिवाय जुने मित्र वरातीत आलेले असतातच, गच्चीवर.

महिनाभरात तो तिनं वाढलेलं ताट दूर सारतो आणि म्हणतो, आधी तू खा. ती घाबरून सासूकडं जाते. सासूला हे वाक्य चांगलं ओळखीचं असतं. तरी ती सुनेला विचारते, तू असं काय केलंस त्याला?